हाताला काही जाणवत नाही, म्हणून आणखी एक कोर्स करू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी आठ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. माझ्याकडे बहुतेक पेशंट मान, कंबर आणि खांद्याचे असतात. मॅन्युअल थेरपीचे, म्हणजे सांध्यांवर आणि स्नायूंवर हातांनी करायच्या उपचारांचे, तीन वीकएंड कोर्स केले. प्रत्येक वेळी सोमवारी नव्या उत्साहानं सुरुवात करते आणि गुरुवारपर्यंत पहिले पाढे पंचावन्न. कोर्समध्ये सर पाठीवर अंगठे ठेवून म्हणतात, ‘हा बघा, चौथा अडकलाय.’ सगळे माना डोलावतात. मला मात्र सगळे मणके सारखेच लागतात. माझ्या मागून आलेल्या मुलांच्या नावापुढे दोन-दोन सर्टिफिकेटांची अक्षरं आहेत. पेशंट ‘मान मोडून द्या’ म्हणतात आणि मला मानेच्या थ्रस्टची, म्हणजे हातानं दिलेल्या झटक्याची, भीती वाटते. आता दोन वर्षांचा ऑर्थोपेडिक मॅन्युअल थेरपीचा मोठा प्रोग्रॅम समोर आहे. घरी लहान मूल, रजा मोजक्या, फी मोठी. तो करावा, आणखी एखादा छोटा कोर्स करावा, की माझे हातच या कामासाठी नाहीत असं मान्य करावं?
– बोथट हातांची

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सहीपाशी अडले. प्रोग्रॅम करावा की नाही हे तुम्ही मला विचारताय खरं, पण स्वतःच्या हातांचा निकाल मात्र आधीच लावून बसला आहात. आधी त्याबद्दल बोलू. तो निकाल चुकीचा असेल तर कोर्सचा सगळा हिशेबही चुकणार.

त्या वर्गात काय घडलं ते जरा आठवा. आधी सरांनी सांगितलं की चौथा अडकलाय, मग एकेकानं अंगठे ठेवले. उत्तर आधी कानावर पडलं, हाताला ते नंतर जाणवलं. उत्तर न सांगता काय होतं हेही अनेकदा तपासून पाहिलं गेलंय. एकाच पेशंटची पाठ दोन अनुभवी थेरपिस्टनी वेगवेगळी तपासायची आणि कोणता मणका कमी हलतो ते एकमेकांना न दाखवता लिहायचं. अशा अभ्यासांत दोघांचं एकमत वारंवार निराश करण्याइतकं कमी निघालंय. दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं, यावर मात्र तपासणाऱ्यांचं त्याहून बरं जुळतं. म्हणजे पेशंट जे सांगतो त्यावर दोघं जवळ येतात आणि आपल्या अंगठ्यांना जे ‘लागतं’ त्यावर लांब जातात. सगळे मणके सारखे लागले हे तुम्ही स्वतःशी कबूल केलंत. माझ्या मते त्या खोलीत तुम्ही सगळ्यात प्रामाणिक होतात.

आता यावरून कुणी म्हणेल की मग हातांचं कौशल्य वगैरे सगळं झूट. तसंही नाही. कितपत दाब द्यायचा, कोणत्या दिशेनं, प्रतिकार कुठे सुरू होतो, पेशंटचा स्नायू कधी आखडतो आणि आपण कधी थांबायचं, हे सगळं हात शिकतात आणि चांगलं शिकतात. फक्त त्यासाठी हातांना त्यांची चूक कळावी लागते. घरातला साधा वजनकाटा घ्या. तो टेबलावर ठेवा, मणक्यावर पुढच्या दिशेनं दाब देताना ठेवता तसे हात ठेवा, कोपर सरळ, खांदे हातांच्या वर. सहकाऱ्याला काट्याकडे बघायला सांगा, तुम्ही बघू नका. ‘दहा किलो’ म्हणा आणि तेवढा दाब द्या. मग आकडा विचारा. मी हे शिकवताना करून घेते, तेव्हा पहिल्या दिवशी एकाच खोलीतल्या दोघांच्या ‘दहा किलो’मध्ये दुपटीचा फरक सहज दिसतो. आठवडाभर रोज पाच मिनिटं केलं की तो फरक झपाट्यानं कमी होतो. काटा पाठीसारखा दबत नाही, आणि कोणत्याही ग्रेडला, म्हणजे दाबाच्या पायरीला, ठरावीक किलो नसतात. ग्रेड पेशंटच्या प्रतिकारावरून ठरते. पण आपण किती जोर लावतोय हे कळणं ही पहिली पायरी आहे, आणि ती चढायला कोर्स लागत नाही.

दुसरं गृहीतक ‘अडकलाय’ या शब्दात आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेला एक स्वीडिश अभ्यास मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. सॅक्रोइलियाक, म्हणजे कण्याचं तळाचं हाड कमरेच्या हाडाला मिळतं तो सांधा ‘सरकलाय’ असं ज्यांच्या तपासणीत आलं होतं, अशा पेशंटवर मॅनिप्युलेशन (हातानं झटका देऊन करायचा उपचार) केलं आणि आधी व नंतर अतिशय सूक्ष्म मोजमाप करणाऱ्या क्ष-किरण पद्धतीनं हाडांची जागा पाहिली. हातानं केलेल्या तपासण्या उपचारानंतर बदलल्या, ‘नॉर्मल’ झाल्या. हाडं होती तिथेच होती. म्हणजे पेशंटच्या बाबतीत काहीतरी बदललं, पण आपण समजत होतो ते नव्हे. आज आपल्या क्षेत्रात बहुतेक जण परिणामाचं श्रेय मज्जासंस्थेला देतात: वेदनेची संवेदना काही काळ कमी होते, दुखण्यापायी आखडून राहिलेले स्नायू सैल पडतात, पेशंटला हालचालीची भीती कमी वाटते. यात पेशंटची अपेक्षा आणि आपण त्याच्याशी बोलतो कसे याचाही वाटा आहे. हे समजलं की ‘तुमचा मणका जागेवर बसवला’ हे वाक्य तोंडून निघेनासं होतं, आणि ते निघेनासं होणं पेशंटच्या फार हिताचं आहे. ज्याला आपला मणका सरकतो असं वाटतं तो वाकायला घाबरतो. असा घाबरलेला माणूस वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहतो.

खांद्याचंही एक उदाहरण देते, कारण ते तुमच्या रोजच्या कामातलं आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे आखडलेल्या खांद्यात, बाहेरच्या बाजूचं रोटेशन (फिरणं) अडलं की कॉनव्हेक्स-कॉनकेव्ह नियमानुसार, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या फुगीर-खोलगट आकारावरून दिशा ठरवणाऱ्या नियमानुसार, दंडाच्या हाडाचा गोल पुढे सरकवायचा, असं आपण सगळे पाठ करून आलो. 2007 च्या एका छोट्या तुलनात्मक अभ्यासात एका गटाला पुढे आणि दुसऱ्याला मागे ग्लाइड दिला, म्हणजे हाड हातानं त्या दिशेला सरकवलं. नियमाप्रमाणे पुढे दिलेल्या गटात रोटेशन सरासरी सुमारे 3 अंशांनी वाढलं, मागे दिलेल्या गटात सुमारे 31 अंशांनी. पेशंट वीसच्या आसपासच होते, त्यामुळे यावरून नवा नियम बनवायची घाई नको. पण पुस्तकातल्या दिशेनं फरक पडत नसेल तर त्याच पेशंटवर, त्याच दिवशी, उलट दिशा करून पुन्हा मोजायला काय हरकत आहे?

म्हणूनच ‘कोणता कोर्स’ या प्रश्नात मला फारसा जीव वाटत नाही. मेटलँड, कल्टेनबॉर्न, मॅकेन्झी, मलिगन ही या उपचारांच्या पद्धती घडवणाऱ्यांची नावं आपल्याकडे घराण्यांसारखी घेतली जातात. प्रत्येकाची एक सवय उचलण्यासारखी आहे, इथे तिघांची सांगते. मेटलँड यांच्याकडून घ्यायची ती पेशंटची तक्रार जागवणारी एक हालचाल आधी ठरवण्याची आणि उपचाराच्या प्रत्येक टप्प्यानंतर तीच पुन्हा तपासण्याची. मलिगन यांचा कठोर नियम असा की हालचालीसोबत दिलेलं मोबिलायझेशन, म्हणजे सांध्यावरचा झटका नसलेला दाब, दुखता कामा नये. दुखलं तर दिशा किंवा जोर बदला, तरी दुखलं तर सोडून द्या. मॅकेन्झी यांची 1956 मधली गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. पाय दुखणारा एक पेशंट चुकून डोक्याकडून वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अगदी नको त्या स्थितीत, आणि उठल्यावर म्हणाला की पायाचं दुखणं गेलंय. दुसरा कुणी असता तर घाईघाईनं टेबल सरळ करून विषय संपवला असता. त्यांनी दुसऱ्या दिवशी पेशंटला पुन्हा तसंच झोपवलं.

आता तुमच्या गुरुवारबद्दल. यात तुमचा दोष तुम्हाला वाटतो त्याहून फार कमी आहे. 2006 च्या एका अभ्यासात मानदुखीवरच्या दोन दिवसांच्या कोर्सला गेलेल्या थेरपिस्टच्या पेशंटची कोर्सआधीची आणि नंतरची प्रगती पाहिली. नुसता कोर्स केलेल्यांच्या पेशंटमध्ये फरक पडला नव्हता. जे कोर्सनंतर आपल्या क्लिनिकमध्ये चालू असलेल्या सुधारणा प्रकल्पात टिकून राहिले, त्यांच्या पेशंटमध्ये पडला. 2009 मध्ये याचीच यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. सगळ्या थेरपिस्टनी तोच दोन दिवसांचा कोर्स केला. मग काही जणांना दीड-दीड तासाच्या दोन छोट्या गटचर्चा आणि क्लिनिकमध्येच मार्गदर्शनाचं एक सत्र मिळालं, बाकीच्यांना काहीच नाही. ज्यांना पुढची सोबत मिळाली त्यांच्या पेशंटची रोजच्या कामांतली अडचण जास्त कमी झाली आणि त्यांना भेटीही कमी लागल्या.

हे वाचलं तेव्हा मला माझी पहिली दहा वर्षं आठवली. मी कोर्सवर कोर्स केले. रविवारी संध्याकाळी हातात सर्टिफिकेट असायचं, डोक्यात चाळीस टेक्निक असायच्या, आणि सोमवारी ओपीडीत वीस मिनिटांत एक पेशंट. चाळीसमधून एक निवडायला सवड कुठे होती? हात आपोआप सवयीच्या जागी जायचे. माझं काय चुकतंय ते सांगायला बाजूला कुणी नव्हतं. तीन वीकएंड करूनही गुरुवारी तुम्ही जुन्या वळणावर येता, कारण वीकएंडनंतर तुम्हाला कुणी पाहिलंच नाही.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं: पुढचे तीन महिने एकही नवा कोर्स नको. शरीराचा एकच भाग निवडा. तुमच्या पत्रावरून मी मान निवडेन. तुमच्याकडच्या तीन वह्यांतून मानेच्या आणि पाठीच्या वरच्या भागाच्या तीन टेक्निक काढा, थ्रस्ट नसलेल्या. बाकी वह्या बंद. मानेच्या ज्या पेशंटना तपासणीनंतर हे चालेल, त्यांच्यावर या तीनच वापरा आणि त्यांना जोडून एक-दोन व्यायाम द्या. दर वेळी आधी आणि नंतर एकच हालचाल मोजा. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, हाताशी नसेल तर हनुवटी खांद्याच्या रेषेपासून किती दूर राहिली, एवढं टिपलं तरी चालेल. शिवाय पहिल्या दिवशी पेशंटला विचारा, ‘मानेमुळे कोणत्या तीन गोष्टी करता येत नाहीत?’ प्रत्येकीला त्यानं शून्य ते दहामध्ये गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे दुखण्याआधीसारखं जमतं. पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल म्हणतात ते हेच. दोन मिनिटांचं काम आहे. टेबलावरून उठल्यावर ‘हलकं वाटतंय’ हे वाक्य सगळेच ऐकतात आणि त्यावर आपण सगळेच खूश होतो. गाडी मागे घेताना मान वळते का, हे पुढच्या भेटीतच कळतं.

आणि सोबत शोधा. एक सहकारी पुरेसा आहे, दोन असतील तर उत्तम. पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसा. निम्मा वेळ एकमेकांच्या हाताखाली झोपा, म्हणजे खाली झोपलेल्यानं सांगायचं: जोर जास्त झाला, बोटं टोचली, दिशा बदलली, श्वास रोखला गेला. उरलेला वेळ ज्याचे आकडे हललेच नाहीत अशा एका पेशंटवर घालवा. बरे झालेले पेशंट या तासाला आणू नका, त्यांच्यावर बोलणं फार सोपं असतं. तुमच्याहून अनुभवी कुणी असेल तर महिन्यातून एकदा तुमच्याच पेशंटवर तुम्हाला काम करताना बघायची विनंती करा, अर्थात पेशंटची परवानगी घेऊन. संकोच वाटेल, पण कोर्समधल्या निरोगी सहाध्यायाच्या मानेपेक्षा या अर्ध्या तासात जास्त शिकाल.

मागून आलेल्या मुलांच्या अक्षरांचं वाईट वाटणं मी समजू शकते. त्यावर इतकंच सांगेन की पेशंट ती अक्षरं वाचत नाहीत. नोकरी देणारे कधीकधी वाचतात. बढतीसाठी किंवा शिकवण्याच्या कामासाठी ती खरंच लागणार असतील तर तसं उघड मान्य करून कोर्स करा. ते कारणही रास्त आहे. पण बोथट हातांवर इलाज म्हणून अक्षरं गोळा करू नका.

आता मोठ्या प्रोग्रॅमबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, उलट तो चांगला असेल तर कधीतरी कराच असं म्हणेन. 1974 मध्ये माँपेलिए इथे स्थापन झालेल्या ऑर्थोपेडिक मॅनिप्युलेटिव्ह थेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे इफॉम्प्टनं, पदव्युत्तर शिक्षणासाठी जी मानकं ठरवली त्यांत वर्गातल्या तासांइतकाच जोर मार्गदर्शकाच्या नजरेखाली खरे पेशंट पाहण्यावर आहे. त्याचे किमान 150 तास धरलेले आहेत. माझ्या दृष्टीनं मोठ्या प्रोग्रॅमची खरी किंमत या तासांत आहे. प्रवेश घेण्याआधी त्यांना फोन करा आणि विचारा: मला माझ्या पेशंटसोबत कोण पाहणार आणि किती तास? परीक्षेत कुणी नापास होतं का? हात कधी लावायचा नाही, हे किती वेळ शिकवता? आपल्याच पद्धतीच्या विरोधात गेलेले अभ्यास वर्गात काढता का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा चिडला तर मी तिथे जाणार नाही. आणि मार्गदर्शनाचे तास नावापुरतेच असतील तर दोन वर्षांचा प्रोग्रॅम म्हणजे एकाला एक जोडलेले पंचवीस वीकएंड. लहान मुलाला घरी ठेवून करावं असं त्यात काही नाही. मूल थोडं मोठं होईपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही. तोवर हे तीन महिने झालेले असतील, आणि आपल्याला नेमकं काय येत नाही हे घेऊन तुम्ही वर्गात जाल.

मानेच्या थ्रस्टची भीती मात्र घालवू नका, तिला कामाला लावा. मानेतल्या धमनीला चीर पडण्याची सुरुवात अनेकदा नुसत्या मानदुखीनं आणि डोकेदुखीनं होते. असा माणूस आपल्याकडे ‘मान आखडली’ म्हणून येऊ शकतो. म्हणून इफॉम्प्टनं मानेवर हात ठेवण्याआधीच्या तपासणीची जी चौकट दिली आहे, 2020 मध्ये सुधारलेली, ती नीट अभ्यासा. नव्यानं सुरू झालेली, आधी कधीच न झालेल्या प्रकारची डोकेदुखी, अलीकडचा मार किंवा संसर्ग, चक्कर, बोलण्यात किंवा दिसण्यात बदल हे सगळं विचारायचं, रक्तदाब मोजायचा, क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा, तपासायच्या. तुमच्याकडे रक्तदाबाचं यंत्र टेबलाजवळ आहे का? नसेल तर पुढच्या कोर्सआधी ते मागवा. थ्रस्ट करायला तुमच्या नोंदणीत परवानगी आहे का तेही बघा, देशोदेशी नियम वेगळे आहेत. परवानगी असली तरी मानेचा थ्रस्ट न करता उत्तम थेरपिस्ट होता येतं.

‘मान मोडून द्या’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं? मी साधं सांगते: ‘तो आवाज सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होण्याचा असतो, काही बसल्याचा नाही, आणि बरं वाटायला तो लागत नाही.’ 2015 मध्ये बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये ती पोकळी तयार होताना प्रत्यक्ष दिसली आहे. हे ऐकून बहुतेक जण शांत होतात. एखादा दुसरीकडे जातो. जाऊ द्या.

तुमच्या स्वतःच्या मानेबद्दलही सांगायचं आहे. वर्गात एकमेकांवर सराव करताना प्रत्येकाची मान दिवसात वीस-तीस वेळा वळवली जाते. नवखी असताना एका कोर्समध्ये शिकवणाऱ्यांनी मला न विचारताच पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर मानेचं मॅनिप्युलेशन करून दाखवलं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. चार दिवस मान वळत नव्हती. तेव्हापासून माझ्या वर्गात प्रत्येकाला आधी तपासलं जातं, विचारलं जातं, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारलं जात नाही. तुम्ही कुठेही जा, नाही म्हणा. पेशंटची संमती घ्यायला आपण तिथेच शिकतो.

तीन महिन्यांनी आकड्यांचे कागद घेऊन बसा, शक्य तर त्या सहकाऱ्यासोबत. टेबलावर हालचालच बदलत नसेल, तर टेक्निकमध्ये कुणाची तरी थेट मदत हवी आहे आणि मार्गदर्शनाचे तास असलेला कोर्स तुम्हाला खरंच उपयोगी पडेल. टेबलावर हालचाल सुधारते पण पुढच्या भेटीत सगळं मूळपदावर येतं असं दिसलं, तर हातांना बोल लावू नका. तुमच्या व्यायामाच्या मात्रेकडे, घरी पेशंट काय करतो याकडे आणि तुम्ही त्याला काय समजावलंत याकडे बघा. अशा वेळी मॅन्युअल थेरपीपेक्षा व्यायाम टप्प्याटप्प्यानं वाढवण्याचा किंवा पेशंटशी संवादाचा कोर्स निवडा. आणि दोन्ही बरे निघाले, पेशंटचे गुणही चढते दिसले, तर मला पुन्हा पत्र लिहा, पण कृपा करून वेगळ्या सहीनं.